अंधेरी आणि ऐरोली, दोन टोकांना दोन ऑफिसं. घर कुठे बघायचं?

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीहून मुंबईला शिफ्ट होतोय, शाळा सुरू व्हायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सामान हलवायचंच आहे. माझं ऑफिस अंधेरी पूर्वेला, चकाला मेट्रो स्टेशनपासून चालत, आणि नवऱ्याचं ऐरोलीत, स्टेशनला लागूनच जे मोठं आयटी पार्क आहे तिथे. मला आठवड्यातून चार दिवस जावं लागणार, साडेनऊ ते सहा (म्हणायला सहा). त्याची शिफ्ट दुपारी एक ते रात्री दहा, आणि ती बदलेल अशी आशा नाही. घरात सासूबाई आहेत, गुडघ्यांचा त्रास आहे, बिनलिफ्टचा पहिला मजलासुद्धा त्यांना जड जातो. मुलगा चौथीत जाणार, आत्ता मराठी माध्यम सेमी इंग्रजी आहे आणि शक्यतो तेच ठेवायचंय. भाडं ३५ हजारापर्यंत, ताणून ३८. वन बीएचके चालेल.

आता गंमत अशी की ज्याला विचारावं तो आपलंच उपनगर सांगतो. मावसदीर म्हणतात डोंबिवलीसारखं सुख नाही, ऑफिसातली म्हणते पवई बघ (बघितलं, भाडी बघून फोन खाली ठेवला), एक एजंट रोज घोडबंदरच्या टॉवरचे स्विमिंग पूल पाठवतोय. नकाशावर तर अंधेरी आणि ऐरोली अगदी समोरासमोर दिसतात ओ, मग प्रत्येक जण दीड तास दीड तास का म्हणतोय? मधोमध कुठेतरी राहिलं तर जमणार नाही का?

स्लो_लोकलवाला:
नकाशा बाजूला ठेवा ताई. मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, गाडी किती वेळा बदलायची त्यात मोजतात. इथल्या जुन्या रेल्वे सगळ्या उत्तर-दक्षिण पळतात, वेस्टर्न त्या बाजूला सेंट्रल ह्या बाजूला, आणि आडवं जायचं म्हटलं की बोंब. तुमच्या दोन ऑफिसांच्या मध्ये नॅशनल पार्कच्या टेकड्या, पवई तलाव आणि पलीकडे ठाण्याची खाडी आहे, म्हणून समोरासमोर दिसूनही सरळ रस्ता नाही. तुमच्या कामाचे आडवे पर्याय मुख्य दोनच, एक जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, ज्यावर ऑफिसच्या वेळेला बस घेणं म्हणजे नशिबाची परीक्षा, आणि दुसरी घाटकोपर-वर्सोवा मेट्रो, जी २०१४ पासून आहे आणि जिच्यामुळे सेंट्रलवाल्यांचं अंधेरी थोडं तरी जवळ आलं. म्हणजे तुम्ही कुठेही राहिलात तरी घाटकोपरला उतरून मेट्रो पकडणार, घाटकोपर ते चकाला पंधरा मिनिटं. एवढं एकदा पक्कं केलं की निम्मी यादी आपोआप गळते, बोरिवली गोरेगाव वसई सोडून द्या, खारघर सोडून द्या. उरतं काय तर घाटकोपर ते ठाणे ह्या पट्ट्यातलं काहीतरी, किंवा सरळ ऐरोली.

घाटकोपरलाच राहता आलं तर तुमच्यासाठी भारीच, पण ३५ मध्ये लिफ्टवालं मिळणं कठीण आणि नवऱ्याचा रोजचा प्रवास लांबतो.

आणि एक, ती मेट्रो चार डब्यांची आहे. सकाळी पावणेनऊ ते साडेनऊ घाटकोपरच्या पुलावर जी गर्दी असते ती एकदा स्वतः बघून या. सव्वाआठला पोचलात तर माणसासारखं चढता येतं.

मिठागर_रोड:
मुलुंड पूर्व. विषय संपला. 😀

बरं थोडं विस्कटून सांगते. मुलुंड पूर्वेहून ऐरोली म्हणजे खाडीवरचा पूल ओलांडला की आलंच, नवऱ्याकडे टू-व्हीलर असेल तर पंधरा-वीस मिनिटांत पोचेल, दुपारी बाराच्या पुढे तर रस्ताही मोकळा. रात्री दहाला सुटून साडेदहाच्या आत जेवायला घरी. बससुद्धा आहेत पण रात्रीच्या वेळी बसच्या भरवशावर राहू नका. कार असेल तर ऐरोली नाक्याचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना माफ झालाय, आधी महिन्याला त्यातच किती जायचे. तुम्हाला मुलुंडहून स्लो पकडली की घाटकोपर वीसेक मिनिटं. ठाण्याहून सुटणारी स्लो बघून पकडा, ती मुलुंडला येते तेव्हा अजून आत शिरायला जागा असते, कल्याणहून भरून आलेल्या गाडीच्या नादी लागू नका. दारापासून दारापर्यंत तास धरा.

वस्ती म्हणाल तर पूर्वेला मराठी माणूस भरपूर, भाजी मासे सगळं स्टेशनच्या बाहेर, केळकर कॉलेजचा परिसर शांत आहे. सासूबाईंना बोलायला माणसं मिळतील. मात्र लिफ्टचं बघा हं, इथल्या जुन्या तीन-चार मजली बिल्डिंगना लिफ्ट नाहीत, आणि ज्यांना नाहीत त्यातल्या निम्म्या रिडेव्हलपमेंटला निघाल्यात. सोसायटीचा बिल्डर ठरलाय का, घरं रिकामी करायची तारीख आलीये का, हे एजंटला विचारू नका, तो नाहीच म्हणणार. खाली वॉचमनला किंवा वाण्याला विचारा. सहा महिन्यांत नोटीस आली की मालकाला बिल्डरकडून भाडं सुरू होतं आणि भाडेकरू परत टेम्पो शोधायला लागतो. आणि रिकाम्या झालेल्या बिल्डिंगमधले मालकसुद्धा मुलाच्या शाळेपायी इथेच भाड्याने घर शोधतात, त्यामुळे पूर्वेची भाडी चढली आहेत हे खरं आहे.

डोंबिवलीकर_कायमचा:
मुलुंडमध्ये ३५ ला जे मिळेल त्यापेक्षा कितीतरी कमी भाड्यात डोंबिवलीत टू बीएचके मिळेल लिफ्टसकट, गणपती मंदिर, फडके रोड, नाटकं, मराठी शाळा सगळं आहे. पैसे वाचवा आणि पाच वर्षांनी स्वतःचं घर घ्या. आयुष्यभर मुलुंडच्या मालकाचं कर्ज फेडण्यात काय अर्थ आहे? शिवाय ऐरोली-काटई रस्ता पूर्ण झाला की डोंबिवलीहून ऐरोली एकदम जवळ येणार आहे.

स्लो_लोकलवाला:
@डोंबिवलीकर_कायमचा दादा तुमच्या गावाबद्दल प्रेम आहे, माझी सासुरवाडी तिथलीच, पण ह्या ताई नवीन आहेत, त्यांना पहिल्याच दिवशी सकाळी आठच्या डोंबिवलीच्या फलाटावर उभं करू नका. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं पडून गेली, ती काही हौसेने लटकत नव्हती. डोंबिवलीहून सुटणारी लोकल पकडता आली तर ठीक, पण तिच्यासाठी घर किती वाजता सोडायचं ते गणित वेगळं. आणि रस्ता "पूर्ण झाला की", मेट्रो ४ "सुरू झाली की", गोरेगाव-मुलुंड लिंक रोड "झाला की"... मुंबईत भाड्याचं घर हे "झाला की" वर कधीच घेऊ नये. झाल्यावर बदला ना, भाड्याचंच तर आहे.

नौपाड्याची_काकू:
तो घोडबंदरवाला एजंट आधी ब्लॉक कर बाई. ठाणे म्हणून दाखवतात आणि कासारवडवलीला नेऊन बसवतात. तिथून ठाणे स्टेशनला यायलाच संध्याकाळी तास लागतो कधीकधी, पुढची लोकल मग मेट्रो, रात्री घरी येऊन तू कुणाशी बोलायच्या लायकीची उरणार नाहीस. घरं मोठी असतात, हवा चांगली असते, पण ज्याचं काम तिकडेच आहे त्याने तिकडे राहावं.

ठाणे घ्यायचं तर स्टेशनपासून चालत. नौपाडा, पाचपाखाडी, नाहीतर पूर्वेला कोपरी. कोपरी जरा स्वस्त पडतं आणि स्टेशनचा पूर्वेचा जिना तुझ्या दारात. तुझ्या नवऱ्याला ठाणे-वाशी गाडीने ऐरोली म्हणजे दहा मिनिटं, मध्ये एक दिघा गाव स्टेशन नवीन झालंय २०२४ मध्ये, तेवढंच. तुला ठाण्याहून फास्टसुद्धा आहे घाटकोपरला थांबणारी, पण सकाळच्या फास्टमध्ये ठाण्याला चढणं ही एक कला आहे, ती शिकेपर्यंत स्लोनेच जा, बसून जाशील.

मुख्य म्हणजे शाळा. चांगल्या मराठी शाळा मुंबईत शोधाव्या लागतात, ठाण्यात त्या अजून जोरात आहेत. बेडेकर विद्यामंदिर, सरस्वती, मो. ह. विद्यालय, ह्या शाळांत जाऊन स्वतः विचार, चौथीला जागा असते की नाही ते वर्षावर असतं, फोनवर कुणी धड सांगत नाही. सांगलीच्या शाळेचा दाखला आणि मुलाचं आधार हातात घेऊनच ये. मी तर म्हणते आधी शाळा पक्की कर आणि मग तिच्या आसपास घर बघ, उलटं करू नकोस. आणि सासूबाईंसाठी तलावपाळी आहे, गडकरीला नाटक आहे, गुडघे दुखतात म्हणून रिक्षाने का होईना बाहेर पडतील.

कृष्णाकाठची:
काकू किती गोड! सगळ्यांचे आभार. नवरा म्हणतोय मुलुंड, मला ठाण्याच्या शाळांचं पटतंय, आणि सासूबाई म्हणतात मला फक्त सकाळचं ऊन येणारी खिडकी द्या बाकी तुम्ही बघा. येत्या शनिवारी येऊन दोन्हीकडची घरं बघून घेऊ म्हणतोय.

सेक्टर_८:
शनिवारी नको. शनिवारी लोकलही रिकामी, मेट्रोही रिकामी, सगळंच छान वाटतं. एखाद्या मंगळवारी वगैरे या, सकाळी आठला ज्या घराचा विचार करताय त्याच्या दारातून निघा आणि खरंच चकालापर्यंत जाऊन बघा.

दुसरं, कुणीच विचारलं नाही म्हणून मी विचारतो. तुम्ही साडेसात-पावणेआठला घर सोडणार ते संध्याकाळी साडेसातला परत. मिस्टर साडेबाराच्या सुमारास निघणार. म्हणजे दुपारी साडेबारा ते साडेसात घरात फक्त तुमच्या सासूबाई आणि शाळेतून आलेला नऊ वर्षांचा मुलगा. मुलाला ताप आला, त्यांचा पाय घसरला, गॅसवाला आला, शाळेने बोलावलं, तर अर्ध्या तासात कोण पोचू शकतं? तुम्ही अंधेरीहून नाहीच. त्यामुळे प्रवास कुणाचा कमी ह्यापेक्षा हे महत्त्वाचं, आणि ह्या हिशोबाने मी ऐरोलीच सांगेन. मिस्टर चालत ऑफिसला, दहा मिनिटांत घरी येऊ शकतात. मुलाला सकाळी शाळेत सोडणं, डॉक्टर, बँक सगळं त्यांच्याकडे, कारण सकाळ त्यांची मोकळी आहे.

तुमचा प्रवास वाढेल हे मान्य. ऐरोलीहून ठाणे, तिथे ९-१० नंबरच्या फलाटावरून पूल चढून स्लोकडे, मग घाटकोपर, मग मेट्रो, सव्वा तास तरी. पण एक सोय आहे, सकाळी ठाण्याहून ऐरोलीकडे आयटीवाल्यांनी गाड्या भरभरून येतात, तुम्ही उलट्या दिशेने जाणार त्यामुळे पहिला टप्पा आरामात. नवी मुंबईला स्वतःचं मोरबे धरण आहे, पाण्यासाठी रात्री उठून बादल्या भरायची पाळी इथे माझ्यावर तरी आलेली नाही. सिडकोच्या जुन्या घरांना लिफ्ट नाही पण तळमजले बरेच भाड्याने मिळतात, तुमच्या सासूबाईंना तळमजला लिफ्टपेक्षा बरा, लाईट गेली तरी अडत नाही. फक्त पावसाळ्यात तळमजल्याला ओल येते का ते कपाटाच्या मागे हात लावून बघा, भिंतीला नवीन रंग फक्त खालच्या दोन फुटांना दिलेला दिसला तर समजून जा.

शाळेच्या बाबतीत मात्र काकूंचं बरोबर आहे. इथे इंग्रजीच जास्त, सेमीवाली शोधावी लागेल.

मिठागर_रोड:
हा मुद्दा खरंच चांगला आहे पण मुलुंड पूर्वेहूनही मिस्टर वीस मिनिटांत येऊ शकतात की टू-व्हीलरने. तेवढ्यासाठी ताईंना रोज तीन गाड्या बदलायला लावणार का? बायकोचा प्रवास वाढला तर "मान्य" आणि नवऱ्याने चालत जायचं, छान आहे 🙄

सेक्टर_८:
😅 बरोबर आहे तुमचं. पण त्यांच्याकडे टू-व्हीलर आहे का ते त्यांनी सांगितलेलंच नाही. आणि जुलैच्या पावसात रात्री दहाला त्या पुलावरून बाईक, तेही बघा.

कृष्णाकाठची:
बाईक आहे, सांगलीहून रेल्वेने पाठवणार आहोत. सेक्टर_८ तुमचा दुपारचा मुद्दा रात्री जेवताना काढला आणि घरात एकदम शांतता पसरली, कारण आम्ही दोघं आपापल्या प्रवासाचेच तास मोजत बसलो होतो. सासूबाई लगेच म्हणाल्या मी काय लहान आहे का. पण विषय निघाला ते बरं झालं.

अजून एक, विक्रोळी-कांजूरला एक घर फार आवडलंय फोटोत, नवा टॉवर, लिफ्ट, बजेटमध्ये बसतंय. ते कसं?

पूर्व_द्रुतगती:
कांजूर पूर्व किंवा कन्नमवार नगरच्या बाजूला असेल तर रात्री नऊनंतर जाऊन खिडकी उघडून उभ्या राहा. कांजूरमार्गचं डंपिंग ग्राउंड तिकडे आहे, वाऱ्याची दिशा फिरली की वास येतो, काही दिवस काहीच नाही आणि काही दिवस खिडक्या लावून बसावं लागतं. एजंट तुम्हाला सकाळी अकराला दाखवणार. प्रवासाला मात्र झकास आहे, घाटकोपर अगदी जवळ आणि हायवे लागून. आम्ही राहतो, सवय झाली, पण वय झालेलं माणूस दिवसभर घरात असेल तर आधी वास घ्या मग टोकन द्या.

कागदपत्र_बघून:
घर कुठलंही घ्या, मुंबईतल्या व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी सांगतो कारण सांगली-कोल्हापूरकडे बरंच तोंडी चालतं. इथे लिव्ह अँड लायसन्स करार होतो, ११ महिन्यांचा असो की कितीचा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो नोंदवलेलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून देतो म्हणाला तर नाही म्हणा, मुलाच्या शाळेत आणि गॅस ट्रान्सफरला पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदवलेला करारच चालतो. आता सगळं ऑनलाईन आहे, एजंट अंगठ्याचं मशिन घेऊन घरी येतो, मालकाचा अंगठा, तुमचा अंगठा, फोटो, झालं. मुद्रांक शुल्क पाव टक्का आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये, त्यामुळे "ॲग्रीमेंटचे आठ हजार" असं कुणी सांगितलं तर हिशोब कागदावर मागा. दलाली साधारण एक महिन्याचं भाडं.

हेवी डिपॉझिट नावाचा प्रकार कानावर येईल, आठ-दहा लाख द्या आणि भाडं नाममात्र. ऐकायला गोड आहे, पण मालकाने ते पैसे दुसरीकडे गुंतवलेले असतात आणि सोडताना तो "नवीन भाडेकरू आला की देतो" म्हणतो. नको त्यात पडू.

आणि सोसायटीला आधीच विचारा की खाण्यापिण्यावरून काही आहे का. आम्हाला एका ठिकाणी टोकन दिल्यानंतर सेक्रेटरींनी विचारलं होतं मासे खाता का. मालकाची हरकत नव्हती, सोसायटीची होती. टोकन परत मिळवायला जीव गेला.

नौपाड्याची_काकू:
ह्यात भर म्हणजे टोकन देताना मेसेजवर लिहून घे की सोसायटीने नाही म्हटलं तर पैसे परत. दोन ओळी पुरतात.

कृष्णाकाठची:
अपडेट देते. मंगळवारी आलो होतो. ऐरोलीची दोन तळमजल्याची घरं बघितली, एकाला खाली नवा रंग होताच 😄, दुसरं चांगलं होतं पण सेमीच्या शाळेत चौथीला जागा नाही म्हणाले. कांजूरचं घर रात्री बघायला गेलो, त्या दिवशी वास काही आला नाही, पण लिफ्टमध्ये भेटलेल्या बाईंनी स्वतःहूनच सांगितलं, मग सोडलं. कोपरीत एक घर मिळतंय, दुसरा मजला, लिफ्ट आहे, ३४ हजार, पूर्वेची खिडकी, स्टेशन चालत सात मिनिटं, शेजारी एक निवृत्त नर्स राहतात ज्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सासूबाईंचे गुडघे तपासले. मुलाचं ठाण्याच्या एका शाळेत नाव लिहून घेतलंय, सोमवारी कळेल. सकाळी आठ दहाची स्लो पकडून चकालाला नऊ वीसला पोचले, घाटकोपरला एक मेट्रो सोडावी लागली. नवऱ्याने कोपरी ते ऐरोली गाडीने करून बघितलं, दारापासून ऑफिसच्या गेटपर्यंत अर्धा तास लागला, दुपारी फोन आला तर तेवढ्यात परत येईन म्हणतोय. मुलुंडचं एक अजून बाकी आहे, मिठागर_रोड ताई रागावू नका, उद्या बघतोय.

मालक तीन महिन्यांचं डिपॉझिट मागतोय आणि पेंटिंगचे पैसे सोडताना कापणार म्हणतो. हे चालतं का?

कागदपत्र_बघून:
तीन महिने ठीक आहे. पेंटिंगचं बरेच जण एक महिन्याचं भाडं कापतात, कराराच्या मसुद्यात किती कापणार तो आकडा लिहून घ्या आणि आत्ता घराचे भिंतींचे, नळांचे, बाथरूमच्या टाइल्सचे फोटो काढून मालकालाच पाठवून ठेवा. बाराच महिन्यांत सोडलंत तर अर्धं कापा म्हणून बोलून बघा, पहिल्यांदा नाही म्हणेल, दुसऱ्यांदा ऐकेल.

स्लो_लोकलवाला:
आठ दहा ऐवजी पाऊण तास आधीची स्लो पकडा, मेट्रो सोडावी लागणार नाही. आणि ठाणे-घाटकोपर पास तीन महिन्यांचा काढा, महिन्याच्या हिशोबाने स्वस्त पडतो.